उपकाराचं तिकीट

प्रेक्षकाचा मूलभूत हक्क कोणता, हा प्रश्न आपल्या घटना समितीपुढे आला नसावा. आला असता तर मी म्हटलं असतं, पंचाला मनसोक्त नावं ठेवण्याचा. खेळ काय, घरी बसूनही दिसतो, आणि जास्त चांगला दिसतो. मैदानावर माणूस जातो तो आरडाओरडा करायला. जन्मात हातात बॅट न धरलेला गृहस्थ सलामीच्या फलंदाजाला बिनदिक्कत शिकवतो आणि त्याला कुणी जाब विचारत नाही. हे सुख संसारात इतरत्र कुठे आहे?

आमचे मामा या कलेतले पट्टीचे. राहायला भवानीनगरला. एका अंगाला बारामती, दुसऱ्या अंगाला इंदापूर. त्यामुळे दोन्हीकडचे सामने, जत्रा आणि कुस्त्यांचे हगामे आपल्या वडिलोपार्जित मालकीचे आहेत असं ते समजतात. अकरा वर्षांपूर्वी पाठीच्या कण्याला मार बसला आणि ते चाकाच्या खुर्चीत आले. आवाजाला मात्र काही झालेलं नाही.

एकदा त्यांना घेऊन कबड्डीचे सामने पाहायला गेलो होतो. कुठे ते सांगत नाही. बसायची जागा वर, वर जायला अकरा पायऱ्या. आम्ही पायऱ्या मोजतोय तोवर चार पोरं धावत आली. ‘काका, काळजीच करू नका!’ म्हणाली आणि मामांना खुर्चीसकट उचलून पालखीसारखं वर नेऊन ठेवलं. गुणी पोरं. फक्त ती यजमान संघाच्या गावची निघाली, आणि मामा आले होते पाहुण्या संघासाठी.

पंचाने ढळढळीत चुकीचा निर्णय दिला. मी मामांकडे पाहिलं. मामा टाळ्या वाजवत होते.

‘मामा, अहो, हे काय?’

‘गप. त्यांच्या खांद्यावरनं आलोय मी.’

दुपारभर त्यांनी पाण्याचा घोट घेतला नाही. ‘मग त्या चौघांना परत बोलवायचं का, तेही लघवीसाठी?’ म्हणाले. पुढे पोरं बक्षीस समारंभात अडकली. त्यामुळे स्वागतपर, प्रास्ताविक, प्रमुख पाहुण्यांचं आणि अध्यक्षीय अशी सगळी भाषणं आम्हाला ऐकावी लागली. धडधाकट माणसं पहिल्या भाषणालाच चप्पल शोधू लागली होती.

आता यात पोरांचं काय चुकलं? काही नाही. तशी पोरं गावोगाव आहेत म्हणून तर आपलं बरं चाललंय. पण माझ्या डोक्यात एक किडा शिरला तो शिरलाच. चांगुलपणा फुकट मिळतो म्हणतात, मग त्याचं बिल मामांच्या नावावर का निघतं? ज्याला उचलून आणलं त्याने हसतमुख राहायचं, कुरकुर करायची नाही, निघायची वेळ दुसऱ्याने ठरवायची. त्यापेक्षा सिमेंटचा उतार बरा. त्याला आभार लागत नाहीत. त्याचं गाव कुठलं याची चौकशी करावी लागत नाही. आणि मुख्य म्हणजे तो भाषणं ऐकायला निघून जात नाही.

असा उतार आता उपकारात मोडत नाही. अपंगांच्या हक्कांचा कायदा 2016 चा, नियम 2017 चे. सार्वजनिक इमारती सुगम्य करायला तिथून पाच वर्षं दिली होती. ती मुदत 2022 मध्ये संपली. वॉशिंग्टनमध्ये तर अपंग माजी सैनिकांची संघटना आणखी पुढे गेली. एका नव्या बंदिस्त क्रीडागृहात चाकाच्या खुर्च्यांना जागा होती, पण पुढचे लोक ऐन रंगात उभे राहिले की पुढे नुसत्या पाठी. संघटना कोर्टात गेली. 1997 साली वरच्या कोर्टाने कौल दिला, की पुढचे उभे राहिले तरी अशा जवळजवळ सगळ्या जागांवरून खेळ दिसला पाहिजे. मला हा निकाल फार आवडतो. लोकांनी उठू नये असं त्यात नाही. लोक उठणारच, हे धरून बांधा एवढंच आहे.

रणजीचं बरं असतं, तिथे उठायची घाई कुणालाच नसते. फेब्रुवारी 2020 मध्ये बारामतीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्टेडियमवर महाराष्ट्र आणि उत्तराखंडचा सामना झाला, तेव्हा मामा सुखाने पाहत होते. फलंदाज जागेवरच खिळला की खुर्चीतून ओरडायचे, ‘आरं, पाय हलव, पाय!’ शेजारच्यांना हसावं की आकाशाकडे पाहावं कळेना.

2024 मध्ये ‘चंदू चॅम्पियन’ आला आणि घरी येणारा प्रत्येक जण मामांना मुरलीकांत पेटकर सांगू लागला. 1965 च्या युद्धात गोळ्या लागलेला जवान, 1972 साली हायडेलबर्गला 50 मीटर पोहून भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्णपदक आणतो. मामांनी चार पाहुण्यांचं ऐकून घेतलं. पाचव्याला म्हणाले, ‘थोर माणूस. माझा नमस्कार त्यांना. पण मला नुसती कुस्ती बघायचीय. तिला पण पदक लागतं का?’

ती कुस्ती त्यांनी पाहिलीच. इंदापूर तालुक्यातल्या एका गावच्या जत्रेत हगामा होता. हलगी कडाडत होती, माणसं गोल करून जमिनीवर बसलेली. पायरी नाही, गॅलरी नाही. आम्ही दुसऱ्या रांगेत खुर्ची लावली. इथे सगळेच बसलेले, त्यामुळे मामाच सगळ्यांच्या वर! मागून आरोळी आली, ‘ओ खुर्चीवाले! खाली बसा की! का पुढारी लागून गेलात?’

आमच्या भागात खुर्ची सोडा म्हणणं ही साधी गोष्ट नव्हे. आजूबाजूचे दचकले. एकाने मागे वळून ‘अहो, ते...’ अशी सुरुवात केली. मामांनी त्याला हाताने गप्प केलं आणि मान वळवून गरजले, ‘न्हाई बसत! लवकर यायचं हुतं!’

अकरा वर्षांत त्यांना कुणी असं दरडावलं नव्हतं. चेहरा बघण्यासारखा झाला होता. पाचएक मिनिटं दोघांचं जोरात भांडण झालं. मग त्या गृहस्थाला चाकं दिसली. तो क्षणभर थबकला, पण जागेवरून हटला नाही. ‘मग जरा कडंला तरी घ्या की गाडी,’ म्हणाला. मामांनी दोन्ही हातांनी चाकं रेटून हातभर कडेला घेतली. तेवढ्यात पंचांनी ऐन रंगात आलेली कुस्ती बरोबरीत सोडवली, आणि मामा नि तो मागचा, दोघांनी मिळून पंचांच्या सात पिढ्या काढल्या.