लपविलेलें नांव

केलेल्या कामावर करणाराचें नांव असावें, ही इच्छा सद्गुणांत जमा करावी कीं दुर्गुणांत, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. काम करावें, नांवाचा हव्यास धरूं नये; या हाताचें त्या हाताला कळूं देऊं नये, ही शिकवण लहानपणापासून आपल्या कानांवर पडत आलेली असते. जो आपल्या कर्तबगारीचा डांगोरा स्वतःच पिटतो, त्याला आपण हंसतों. पण दुसऱ्याच्या लेखनाखालीं स्वतःचें नांव घालणाराला आपणच चोर म्हणतों. नांव ही जर इतकी तुच्छ वस्तु असेल, तर तिची चोरी एवढी मोठी कां वाटावी? केरांत टाकलेला कागद कोणीं नेला, म्हणून कोणी फिर्याद करीत नाहीं. तेव्हां या दोन समजुतींपैकीं एक तरी नीट तपासून घेतली पाहिजे.

या तपासासाठीं मी जें उदाहरण घेणार आहें, तें पाहून कांहीं वाचकांच्या कपाळाला आठी पडेल. तें उदाहरण व्हिडिओ गेमचें आहे. ज्या खेळांनीं घरोघरच्या मुलांची झोप, जेवण आणि अभ्यास यांवर आक्रमण केलें आहे, त्यांत नीतिविचाराला खाद्य तें काय मिळणार, असें वाटणें स्वाभाविक आहे. परंतु या खेळांच्या पन्नास वर्षांच्या इतिहासांत कित्येक गमतीच्या गोष्टी दडलेल्या आहेत, आणि त्यांतील एका गमतीच्या पोटांत वरील प्रश्न जसाच्या तसा सांपडतो.

अमेरिकेंत कॅलिफोर्नियामध्यें अटारी नांवाच्या कंपनीनें १९७७ सालीं घरच्या टेलिव्हिजनला जोडावयाचें एक यंत्र बाजारांत आणलें. त्यांत कार्ट्रिज नांवाची छोटी डबी बसविली कीं खेळ सुरू होई; डबी बदलली कीं खेळ बदले. त्या काळीं एक खेळ म्हणजे बहुधा एका माणसाचें काम असे. कल्पना त्याची, चित्रें त्याचीं, आवाज त्याचे, आणि यंत्राला समजेल अशा भाषेंत सारा प्रोग्राम लिहिणाराहि तोच. कादंबरीकार जसा आपल्या कादंबरीचा एकटा कर्ता, तसाच हा. पण त्याचें नांव ना डबीवर, ना माहितीपत्रकांत, ना पडद्यावर. सगळीकडे नांव कंपनीचें. कर्त्याचें नांव लोकांना कळलें तर प्रतिस्पर्धी त्याला पळवितील, किंवा तोच आपल्या नांवाच्या बळावर अधिक मोबदला मागेल, असा त्यामागें हिशेब होता.

या कंपनींत वॉरन रॉबिनेट नांवाचा एक तरुण काम करीत असे. त्यानें 'अ‍ॅडव्हेंचर' नांवाचा खेळ रचला. तो १९८० सालीं बाजारांत आला. साऱ्या खेळाला जागा मिळाली ती ४०९६ बाइट, म्हणजे दोन छापील पानांवर जितकीं अक्षरें मावतील, साधारण तितकी. एवढ्याशा जागेंत असला खेळ मावणार नाहीं, तेव्हां हा नाद सोड, असें वरिष्ठानें त्याला बजावलें होतें. पण त्यानें त्या जागेंत किल्ले बसविले, चक्रव्यूह बसविले, हातांतली वस्तु पळविणारें एक वटवाघूळ बसविलें, आणि जादूचा चषक राखणारे तीन ड्रॅगन बसविले. हे ड्रॅगन इतके बेढब निघाले कीं खेळणारांना ते बदकांसारखे दिसत. पण खेळ लोकांना अतोनात आवडला. त्याच्या दहा लाख प्रती खपल्या. एका प्रतीची किंमत सुमारें २५ डॉलर होती. रॉबिनेटला मिळाला तो वर्षाचा सुमारें २२,००० डॉलर पगार. नफ्यांत वांटा नाहीं, आणि नांवहि नाहीं.

मग त्यानें एक युक्ति केली. काळ्या किल्ल्यांतील भुलभुलैयांत, सहजासहजीं पोंचतां येणार नाहीं अशा एका कोंडलेल्या दालनांत, पार्श्वभूमीच्याच रंगाचा एक बारीक ठिपका त्यानें ठेवला. हा ठिपका उचलून नेऊन एका ठराविक भिंतीपाशीं आणला, तर ती भिंत वाट देते. पलीकडे एक खोली आहे. तींत ना चषक, ना ड्रॅगन. केवळ रंग बदलणारीं उभीं अक्षरें आहेत: हा खेळ वॉरन रॉबिनेट यानें निर्माण केला. हें त्यानें कोणालाहि सांगितलें नाहीं. शेजारच्या मेजावरच्या मित्रालाहि नाहीं. १९७९ सालीं तो नोकरी सोडून गेला. पुढें सॉल्ट लेक सिटींतील एका पंधरा वर्षांच्या मुलाला ती खोली सांपडली, आणि त्यानें कंपनीला पत्र लिहिलें, तेव्हां कंपनीला आपल्याच घरांतली ही खोली ठाऊक झाली! प्रोग्राम कार्ट्रिजमध्यें कायमचा कोरला गेलेला असल्यामुळें तो बदलणें महाग पडत होतें. शेवटीं स्टीव्ह राइट नांवाच्या अधिकाऱ्यानें असा विचार मांडला, कीं हें राहूं द्यावें, उलट पुढच्या खेळांतहि असेंच कांहीं लपवावें. ईस्टरच्या सणांत मोठीं माणसें रंगविलेलीं अंडीं बागेंत लपवितात आणि मुलें तीं शोधतात, तसा हा खेळांतला खेळ. तेव्हांपासून अशा लपविलेल्या गमतीला 'ईस्टर एग' हें नांव रूढ झालें.

हा प्रकार एकट्या अमेरिकेचा नव्हता. जपानांत कॅपकॉम कंपनीचा 'मेगा मॅन' हा खेळ १९८७ सालीं निघाला. त्यांत कर्त्यांचीं नांवें दिलेलीं आहेत, पण तीं खरीं नव्हेत, टोपणनांवें आहेत. कारण तेथेंहि तीच भीति. ध्वनीचें काम करणारा योशिहिरो साकागुची त्यांत 'युकीचानचे बाबा' म्हणून अवतरला आहे. 'चान' हा जपानी भाषेंतला लाडिक प्रत्यय. आपल्या चाळींत 'बाळूचे बाबा' म्हणून हांक मारावी, तसेंच हें झालें. स्वतःचें नांव लिहिण्याची सोय नाहीं म्हटल्यावर माणूस आपल्या नात्याच्या आडून कां होईना, पण पानावर येऊन उभा राहतोच.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप असा, कीं ही निव्वळ आत्मप्रौढी आहे. पण आत्मप्रौढीला प्रेक्षक लागतात. रिकाम्या मांडवांत कोणी मिरवत नाहीं. रॉबिनेटनें आपलें नांव अशा जागीं ठेवलें, कीं तें कोणाच्याहि दृष्टीस न पडण्याचाच संभव अधिक होता. याहून बोलकें उदाहरण अटारीच्याच 'स्टारशिप १' या १९७७ सालच्या खेळाचें आहे. कांहीं खटके विशिष्ट क्रमानें दाबले असतां त्यांत 'हाय रॉन!' अशीं अक्षरें उमटतात, आणि वर दहा डाव फुकट मिळतात. हा रॉन म्हणजे खेळाच्या कर्त्यांपैकीं एक, रॉन मिल्नर. ही गोष्ट जगाला कळली २०१७ सालीं, चाळीस वर्षांनीं. प्रसिद्धीसाठीं हपापलेला मनुष्य चाळीस वर्षें असा गप्प बसत नाहीं. कोणी पाहिलें नाहीं तरी चालेल, पण जें खरें आहे तें कोठें तरी लिहिलेलें असावें, एवढीच ही तहान आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. रॉबिनेटनें धन्याच्या मालाची सुमारें पांच टक्के जागा धन्याला न विचारतां स्वतःसाठीं वापरली. हा विश्वासघात नव्हे काय? येथें रॉबिनेटची पूर्ण वकिली करतां येणार नाहीं. उघडपणें मागणें हा केव्हांहि श्रेष्ठ मार्ग, आणि त्याच कंपनींतल्या चौघांनीं तो चोखाळलाहि होता. डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लन, अ‍ॅलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड हे ते चौघे. ते अध्यक्षांकडे गेले. 'कार्ट्रिज काय, कोणीहि करील,' अशा अर्थाचें उत्तर त्यांना मिळालें, असें क्रेननें सांगितलें आहे. तेव्हां त्यांनीं राजीनामे दिले, आणि १९७९ सालीं अ‍ॅक्टिव्हिजन ही नवी कंपनी उभी केली. तिच्या खेळांच्या वेष्टनावर कर्त्याचें नांव ठळकपणें छापलेलें असे. हा मार्ग रॉबिनेटच्या मार्गाहून सरळ, यांत शंका नाहीं. परंतु ज्या घरांत पुढचें दार मागणाराच्या तोंडावर लावलें जातें, त्या घरांत कोणी मागच्या दारानें आला, तर सारा दोष येणाराच्या माथीं मारतां येत नाहीं.

तिसरा आक्षेप गीतेच्या आधारानें घेतला जाईल. फळाची आशा न धरतां कर्म करावें, मग नांवाची तरी आशा कां? पण हा उपदेश कोणाला केलेला आहे, तें पाहावें. तो कर्म करणाराला आहे, करवून घेणाराला नव्हे. 'तूं फळाची आशा सोड,' असें श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतो; 'अर्जुनाचें फळ तूं घेऊन टाक,' असें तो दुर्योधनाला सांगत नाहीं! त्याग स्वतःच्या वस्तूचाच होऊं शकतो. जें कधीं हातांत पडलेंच नाहीं, तें सोडल्याचें पुण्य लागत नाहीं. आणि दुसऱ्याचें काढून घेऊन 'तूं आतां त्यागी झालास' असें त्याला म्हणणें ही तर क्रूर थट्टा आहे.

आपण ही थट्टा नकळत फार दिवस करीत आलों आहों. वेरूळचें कैलास लेणें पाहतांना आपण गहिंवरून म्हणतों, केवढे हे निरहंकारी शिल्पी, आपलीं नांवें मागें ठेवलीं नाहींत! पण त्यांनीं तीं ठेवलीं नाहींत, कीं त्यांना तीं ठेवूं दिलीं नाहींत, याची चौकशी आपण करीत नाहीं. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यांतील शिलालेखांत तें लेणें करविणाऱ्या वराहदेवाचें, म्हणजे वाकाटक राजा हरिषेण याच्या सचिवाचें, नांव आहे. छिन्नी ज्यांच्या हातीं होती, त्यांचें नाहीं. नांव कोरणें हा अहंकारच असेल, तर तो दात्याला शोभावा आणि पाथरवटाला मात्र शोभूं नये, हा न्याय कोठला? अटारीच्या डबीवर दिसतो तो याच जुन्या न्यायाचा नवा अवतार.

अहंकार टाकणें हेंच ज्यांचें जीवितकार्य, त्या आपल्या संतांनीं तरी काय केलें? अभंगाच्या शेवटीं आपली नाममुद्रा उमटविली. जनाबाईनें स्वतःला नामदेवांची दासी म्हणवून घेतलें. पण दासी म्हणवून घेतांनाहि 'जनी' हीं दोन अक्षरें गाळलीं नाहींत. सालोमालो नांवाचा कोणी एक जण तुकोबांच्या रचनांत स्वतःची मुद्रा घालून त्या आपल्या म्हणून मिरवीत असे, आणि तुकोबांना तें खपलें नाहीं, असें परंपरा सांगते. घरादाराची ज्यांना पर्वा नव्हती, त्यांना या दोन शब्दांची पर्वा कां असावी? मला वाटतें, मुद्रा ही कीर्तीची पताका नव्हे, ती साक्ष आहे. हें मी बोललों. याचा बरावाईट जाब मलाच विचारा, असा तिचा अर्थ आहे.

नांवाची ही दुसरी बाजू आपण नेहमीं विसरतों. नांव लावणें म्हणजे जामीन राहणें. अटारीच्याच हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या कर्त्याला 'ई. टी.' या गाजलेल्या चित्रपटावरून खेळ तयार करण्यास १९८२ सालीं अवघे पांच आठवडे मिळाले. एरवीं अशा कामाला कित्येक महिने लागत. नाताळची विक्री साधावयाची होती. खेळ सपशेल पडला. न खपलेला माल १९८३ सालीं न्यू मेक्सिकोमधील अ‍ॅलामोगोर्डो गांवाच्या उकिरड्यांत पुरण्यांत आला. 'जगांतला सर्वांत वाईट खेळ' अशी त्याची अपकीर्ति झाली, आणि ती वर्षानुवर्षें वॉरशॉच्या नांवाला चिकटून राहिली. मुदत ठरविणारांचीं नांवें आज थोड्यांनाच आठवतात. पण या खेळांतहि त्यानें आपलीं आद्याक्षरें लपविलेलीं आहेत, आणि २०१४ सालीं जेव्हां तो उकिरडा खणून त्या डब्या वर काढल्या, तेव्हां तो स्वतः तेथें उभा होता. नांव हवें असणें आणि तोंड लपविणें या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहींत. ज्याला नांव नाहीं, त्याला यशांत वांटा नसतो हें तर खरेंच. पण त्याला आपल्या चुकीची जबाबदारी घेण्याचा मानहि मिळत नाहीं. तो केवळ हात उरतो.

पुढें या लपवालपवीला निराळें वळण लागलें. कंपन्याच आपल्या खेळांत मुद्दाम गमती पेरूं लागल्या, कारण त्यांच्या शोधानें खप वाढतो. विद्रोहाला पगारी नोकरी मिळाली! रॉबिनेटचें नांव एका कादंबरींत आणि २०१८ सालीं तिच्यावरून निघालेल्या 'रेडी प्लेअर वन' या चित्रपटांतहि झळकलें. आतां मोठ्या खेळाच्या शेवटीं शेंकडों नांवें पडद्यावरून सरकत जातात. तरीहि खेळ पुरा होण्याच्या आधीं जो नोकरी सोडून गेला, त्याचें नांव पुष्कळदां गळतें, अशी तक्रार त्या धंद्यांत चालूच आहे. म्हणजे प्रश्न मिटला नाहीं, फक्त पुढें सरकला.

आणि तो त्या धंद्यापुरता आहे, असें समजून कोणी निश्चिंत राहूं नये. विद्यार्थ्यानें रात्री जागून तयार केलेली सूचि प्राध्यापकाच्या ग्रंथाची शोभा वाढविते, आणि प्रस्तावनेंत 'अनेकांचें साहाय्य झालें' एवढ्यावर तिची बोळवण होते. कचेरींत टिपण एकाचें असतें, सही दुसऱ्याची. घरच्या कार्यांत पाहुणे ज्या पंगतीची वाखाणणी यजमानाजवळ करतात, तिच्यामागें पहांटे तीनपासून चुलीपुढें उभी असलेली माउली कोण, हें विचारण्याचेंहि कोणाला सुचत नाहीं. त्या सर्वांना आपण वर नम्रतेचें प्रशस्तिपत्र देतों, आणि आपलें काम भागवितों.

नम्रता हा सद्गुण खराच. पण तो ज्यानें त्यानें स्वतःच्या नांवापुरताच पाळावयाचा आहे. दुसऱ्याच्या नांवाचा प्रश्न आला कीं तेथें नम्रतेचा संबंध संपतो आणि न्यायाचा सुरू होतो. स्वतःचें नांव मागें ठेवण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. दुसऱ्याचें मागें ठेवण्याचा कोणालाहि नाहीं. पार्श्वभूमीच्याच रंगाचीं झालेलीं माणसें प्रत्येक घरांत आणि प्रत्येक संस्थेंत असतात. तीं आपण होऊन बोलणार नाहींत. तो ठिपका ओळखून, उचलून भिंतीपाशीं नेण्याचें काम इतरांचें आहे.