गुन्हेमालिका आणि पूर्वापराचा विवेक

दूरचित्रवाणीवरील गुन्हेमालिका दुष्कृत्याला आकर्षक रूप देतात की त्यापासून परावृत्त होण्याची शिकवण देतात, हा प्रश्न मराठी प्रेक्षकांपुढे ‘देवमाणूस’ या मालिकेने जितक्या ठळकपणे उभा केला तितका क्वचितच दुसऱ्या एखाद्या मालिकेने केला असेल. झी मराठी वाहिनीवर २०२० मध्ये सुरू झालेल्या आणि पुढच्या वर्षी संपलेल्या या मालिकेच्या केंद्रस्थानी गावाने डॉक्टर म्हणून डोक्यावर घेतलेला एक तोतया होता, जो स्त्रियांचा विश्वास संपादन करून त्यांचा पैसा आणि अखेरीस प्राण घेत असे. आणि सातारा जिल्ह्यात वाईजवळच्या धोम परिसरात २०१६ मध्ये उघडकीस आलेल्या हत्याकांडाची आठवण तिच्या कथानकातून प्रेक्षकाला होणे अटळ होते. अशा वेळी प्रश्न कल्पित पात्रापुरता उरत नाही, कारण ज्या घरांतील माणसे खरोखरीच परत आली नाहीत, ती घरेही त्याच प्रेक्षकवर्गात असतात.

अशा मालिकांचे समर्थन बहुधा शेवटाकडे बोट दाखवून केले जाते: गुन्हेगार अखेर पकडला जातो, म्हणून बोध होतोच. या युक्तिवादाला संस्कृत साहित्यशास्त्रात जुना आधार सापडतो. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त उपदेशाच्या तीन रीती सांगितल्या आहेत: राजाज्ञेप्रमाणे हुकूम करणारा वेदाचा प्रभुसंमित उपदेश, मित्राप्रमाणे हित समजावणारा पुराण-इतिहासांचा सुहृत्संमित उपदेश, आणि प्रियेप्रमाणे रसात भिजवून मन वळवणारा काव्याचा कान्तासंमित उपदेश, वाचकाने रामाच्या वाटेने जावे, रावणाच्या जाऊ नये, हे या तिसऱ्याचे फळ. परंतु हा आधार समर्थकांना वाटतो तितका सोयीचा नाही. काव्याची शिकवण रसाच्या वाटेने होते हे एकदा मान्य केले, की शेवटच्या भागातील बेड्यांपेक्षा मधल्या असंख्य भागांत प्रेक्षकाने काय चाखले, हे अधिक महत्त्वाचे ठरते. बेड्या पडल्याचे प्रेक्षकाला कळते. त्याचा आस्वाद घेण्याइतका अवकाश त्याला क्वचितच मिळतो.

याच ठिकाणी रसाभासाची कल्पना उपयोगी पडते. एखादा स्थायी भाव ज्याच्या ठायी शोभत नाही किंवा ज्याच्याविषयी असू नये अशा ठिकाणी प्रकट झाला, तर त्यातून खरा रस न होता रसासारखे काहीतरी होते. सीतेविषयी रावणाला वाटणारी अभिलाषा हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. काश्मीरच्या अभिनवगुप्ताने ‘ध्वन्यालोका’वरील ‘लोचन’ टीकेत या उदाहरणाचा विचार करताना मोठे मार्मिक निरीक्षण नोंदवले आहे. हा शृंगार नसून शृंगाराचा आभास आहे आणि खरे पाहता तो हास्यास पात्र आहे, हे प्रेक्षकाला मागाहून उमगते. तन्मय झालेल्या अवस्थेत मात्र त्याला रतीचाच आस्वाद येतो, कारण त्या वेळी त्याचा पूर्वापरविवेक, म्हणजे आधी काय घडले आणि पुढे काय होणार यांचा मेळ घालून पाहण्याची शक्ती, बाजूला पडलेली असते. यात प्रेक्षकाचा दोष नाही, कारण तन्मय होता येणे ही तर रसिकाची योग्यताच आहे. मात्र विवेक मागाहून जागा होत असेल, तर तो जागा होण्यास वेळ देणे हे कलाकृतीचे काम ठरते, असा निष्कर्ष त्यातून काढावाच लागतो.

दैनंदिन मालिकेची घडण नेमकी याच्या आड येते. गुन्हेमालिकांत वारंवार दिसणारा एक प्रसंग घ्यावा. रात्री शेतात खड्डा खणून मारेकरी प्रेत पुरत असतो, तेवढ्यात बांधावरून कोणाच्या तरी बॅटरीचा झोत हलत हलत जवळ येऊ लागतो, पार्श्वसंगीत चढते, मारेकऱ्याच्या कपाळावरचा घाम जवळून दाखवला जातो आणि भाग तिथेच संपतो. पुढच्या रात्रीपर्यंत प्रेक्षकाच्या मनात जी धाकधूक राहते ती पकडले जाण्याची असते, आणि पकडला जाणार असतो तो खुनी. खुनाचे कौतुक करणारा एकही संवाद नसला, तरी प्रेक्षक खुन्याच्या भीतीचा वाटेकरी झालेला असतो. १९९८ पासून दोन दशके चाललेल्या ‘सीआयडी’त ही अडचण फारशी नव्हती, तिथे प्रकरणाचा उलगडा बहुधा एक-दोन भागांत होई, प्रेक्षक तपासाशी तन्मय होई, आणि खुनी शेवटपर्यंत अज्ञात राहत असल्याने त्याच्याशी समरस होण्यास वावच नसे. ज्या मालिकेत खुनी पहिल्या दिवसापासून माहीत असतो आणि रोज रात्री भेटतो, तिच्यात तो हळूहळू घरचाच होऊन जातो.

म्हणून गुन्हा दाखवूच नये असे म्हणणे मात्र चुकीचे ठरेल. महाभारताच्या सौप्तिक पर्वात, वडावर झोपलेल्या कावळ्यांचा संहार करणारे घुबड पाहून अश्वत्थाम्याला युक्ती सुचते, तो रात्री शिबिरात शिरतो, शस्त्राने मरण देण्याची धृष्टद्युम्नाची विनंती झिडकारून त्याला लाथांनी ठार करतो, द्रौपदीच्या पाचही पुत्रांना कापून काढतो, आणि जीव घेऊन पळणाऱ्यांना कृप व कृतवर्मा दाराशीच गाठतात. कट सुचल्यापासून तो तडीस जाईपर्यंत काहीही झाकलेले नाही, आणि थराराच्या बाबतीत ती रात्र कोणत्याही मालिकेला हार जाणार नाही. परंतु सौप्तिक पर्वाच्या पाठोपाठ स्त्रीपर्व येते. रणभूमीवर आलेल्या स्त्रिया तुटलेले शिर धडाला लावून पाहतात, हे याचे नव्हे असे ध्यानात येताच पुन्हा शोधू लागतात. गांधारी एकेका प्रेताजवळ कृष्णाशी बोलत राहते. व्यासांनी या शोधासाठी आणि या शोकासाठी स्वतंत्र पर्व राखून ठेवले, आणि अश्वत्थाम्याला मिळालेला शाप कितीही घोर असला तरी त्या रात्रीचा आणि त्याआधीच्या अठरा दिवसांचा खरा अर्थ वाचकाला कळतो तो या पर्वात. आजच्या गुन्हेमालिकेत सौप्तिक पर्व महिनोन्‌महिने चालते आणि स्त्रीपर्वाच्या वाट्याला फार तर एखादा भाग येतो. तिच्यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप हाच असला पाहिजे.

दुर्जनाविषयी सहानुभूती निर्माण करणे हाही स्वतःत दोष नव्हे. भासाच्या ‘ऊरुभंगा’त दुर्योधनाविषयी जी करुणा दाटून येते, ती मांड्या मोडून पडलेल्या, वडील आणि लहान मुलगा समोर आलेले असताना वैर सोडू पाहणाऱ्या माणसाविषयी असते, त्याच्या कपटाची चटक तिथे लागत नाही.

‘क्राइम पेट्रोल’सारख्या कार्यक्रमांनी निराळी वाट धरली. निवेदक कथा मध्येच थांबवून प्रेक्षकाशी बोलतो, म्हणजे पूर्वापरविवेक बाहेरून पुरवला जातो, आणि बळी पडलेल्यांच्या घरच्यांनाही तिथे बरीच जागा मिळते. हे मोलाचे आहे. तरीही या बोधाचा रोख बहुतांशी सावध राहण्यावर असतो, त्यामुळे नैतिक जबाबदारीचे ओझे नकळत संभाव्य बळीच्या खांद्यावर सरकते, जणू काही अनोळखी माणसावर विश्वास टाकणे हाच पहिला अपराध होता.

मालिका खुन्याला सोडत नाही याचे कारण लेखकांच्या विकृतीत शोधण्याची गरज नाही. प्रेक्षकसंख्या टिकून आहे तोवर कथा संपवता येत नाही, आणि खुनी मोकळा आहे तोवरच कथा चालते. म्हणून शिक्षा लांबणीवर पडत जाते. ‘देवमाणूस’चा दुसरा भाग निघाला तेव्हाही मध्यवर्ती भूमिकेत तोच अभिनेता होता. केबल टेलिव्हिजनच्या १९९४ च्या नियमांतील कार्यक्रमसंहिता हिंसेला चिथावणी देणाऱ्या कार्यक्रमांना मनाई करते, परंतु तिची नजर काय दाखवले यावर असते, कोणाला किती वेळ दिला यावर नसते. आणि अशी वाटणी कायद्याने ठरवून देणे इष्टही नव्हे. खून दाखवून झाल्यावर दुसऱ्या रात्रीचा भाग मेलेल्या बाईच्या अंगणात उघडायचा की खुन्याच्या पुढच्या सावजाच्या, हे लेखक, निर्माता आणि वाहिनी यांनाच ठरवावे लागते.