पसेनदी राजाचा शेवटचा घास



श्रद्धावान उपासक-उपासिकांनो,

वर्षावास सुरू झाला की आपल्यात आहाराची चर्चा निघतेच. कोणी तीन महिने मांसाहार सोडतो, कोणी पौर्णिमेला अष्टशील घेतो, तर कोणी फोनवर काहीतरी पाहून भात-भाकरी एकदम बंद करतो. आश्विन पौर्णिमा उलटली की बहुतेकांचे ताट पुन्हा पहिल्यासारखे भरते. म्हणून आज संयुत्त निकायातील पसेनदी राजाची कथा घेऊ.

कोसलचा राजा पसेनदी एका वेळी द्रोणभर तांदळाचा भात खात असे. एकदा असाच तुडुंब जेवून तो धापा टाकत भगवंतांजवळ येऊन बसला. भगवंतांनी त्याला उपास सांगितला नाही, कोणता पदार्थही वर्ज्य केला नाही. त्यांनी एक गाथा सांगितली. तिचा आशय असा, की जो जेवताना भान राखतो आणि आपली मात्रा ओळखतो, त्याच्या वेदना कमी होतात, तो सावकाश म्हातारा होतो आणि त्याचे आयुष्य राखले जाते. राजाच्या मागे सुदस्सन नावाचा तरुण उभा होता. राजाने त्याला ती गाथा पाठ करायला लावली आणि रोज जेवताना म्हणून दाखवण्यासाठी शंभर कहापण देऊ केले.

पुढचा बारकावा अट्ठकथेत आहे. सुदस्सनाने गाथा जेवणाच्या सुरुवातीला म्हणायची नव्हती. राजाने शेवटचा घास उचलला की म्हणायची. राजा तो घास खाली ठेवी. त्या घासात जितकी शिते, तितके तांदूळ दुसऱ्या दिवशी कमी शिजत. अन्न वाया जाऊ नये हाही विचार त्यात आलाच. असे करत करत राजा द्रोणावरून नाळीभर भातावर आला आणि तिथेच टिकला. अंग हलके झाल्यावर आपल्याच हातापायांवरून हात फिरवत त्याने भगवंतांचे आभार मानले.

एवढ्यावरून ‘कमी खा’ असा उपदेश कोणी काढील, तर तो अर्धवट ठरेल. आळवी नगरातला गरीब शेतकरी आठवा. हरवलेला बैल शोधून तो उपाशीपोटी धम्म ऐकायला आला, तेव्हा भगवंतांनी आधी त्याला जेवू घालायला सांगितले आणि मगच देशना केली. भुकेसारखा रोग नाही, हे धम्मपदातले वचन त्याच प्रसंगाचे. राजाला मात्रा कमी करायला सांगणारा आणि शेतकऱ्याला ताट वाढायला लावणारा शास्ता एकच आहे. ज्याचे शरीर, त्याची मात्रा.

आपल्या समाजाला हे समजायला वेळ लागतो, त्याला कारण आहे. आपल्या आज्यांनी भूक पाहिली. त्यांच्या लेखी ‘अजून एक भाकरी घे’ म्हणजे माया. ती माया खरी होती; पण ती भाकरी दिवसभर रानात राबणाऱ्याच्या पोटात जात होती. आज इथे ब्रिटनमध्ये आपण बारा तास खुर्चीत किंवा टॅक्सीच्या सीटवर बसतो. दक्षिण आशियाई माणसाला मधुमेहाचा धोका कमी वजनातही गाठतो, म्हणून इथल्या आरोग्यसेवेच्या निकषांत इतरांसाठी बीएमआयची धोक्याची रेषा २५ असते, तर आपल्यासाठी ती २३ वर येते. बाबासाहेबांनाही मधुमेहाने छळले होते, हे आपण जाणतो.

मग शाकाहारी व्हावे का? हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि कधीकधी तो विचारणाऱ्याचा सूर ‘तुम्ही कसले बौद्ध’ असा असतो. देवदत्ताने भिक्खूंसाठी मासे-मांस कायमचे बंद करण्याची मागणी केली होती. भगवंतांनी ती सक्ती नाकारली. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये अहिंसेला नियम न मानता तत्त्व मानले. नियम बांधतो, तत्त्व विचार करायला मोकळे ठेवते. तेव्हा करुणेपोटी कोणी मांस सोडले तर त्याचा आदर करावा. कोलेस्टेरॉल वाढले म्हणून मटण कमी करून डाळी, अख्खा मसूर, बांगडा यांकडे वळणाराही धम्माबाहेर जात नाही. फक्त मांसाऐवजी पुरी, बटाटा आणि जिलेबी आली, तर शरीराला काय मिळाले ते ज्याने त्याने पाहावे.

अष्टशील घेणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्याने मध्यान्हानंतर उपाशी राहिल्यास साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते करू नये. आजारी भिक्खूंना तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही पाच औषधे दुपारनंतरही घेण्याची मुभा भगवंतांनीच दिली होती. विनयात रुग्णासाठी जागा आहे, ती आपल्या श्रद्धेतही असू द्या.

बाकी फार मोठे काही नको. आज तीन पोळ्या खाता, तर पुढचे पंधरा दिवस अडीच करून पाहा. एशियन दुकानात ज्वारीचे पीठ मिळते. भाकरी थापायला वेळ नसेल तर आठवड्यातून दोनदाच करा. रात्रपाळीवाल्यांनी दुसऱ्याचे वेळापत्रक उचलू नये, स्वतःच्या झोपेप्रमाणे जेवणाच्या वेळा बांधाव्यात. जे दमलेल्या संध्याकाळीही करता येते, तेच वर्षभर टिकते.

आणि घरात एक सुदस्सन ठेवा. राजालाही एकट्याने जमले नाही. कल्याणमित्र म्हणजे काय, हे भगवंतांनी याच पसेनदीला समजावले होते. पत्नी असो, मुलगा असो वा विहारातला मित्र, ज्याचे बोलणे तुम्हाला बोचत नाही अशाला हे काम द्या. काम घेणाऱ्याने मात्र वेळ सांभाळावी: माणूस भुकेला ताटावर बसत असताना टोकू नये, शेवटच्या घासापर्यंत थांबावे. शंभर कहापण मिळणार नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.

जय भीम! नमो बुद्धाय!