नळ बंद असतानाचे पाणी

नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या जुन्या गावठाणात नळ पाहायचा तर खाली वाकावे लागते. दारापुढची फरशी सरकवली की दोन-अडीच फुटांचा खड्डा आणि त्याच्या तळाशी बिनतोटीचा पाइप. पाण्याला दाब नाही; ज्याचा नळ खोल त्याच्या घरी पाणी जास्त. मग शेजाऱ्याने खड्डा केला की आपणही करायचा. बाजूने गटार वाहत असते. चार-पाच दिवसांनी पाण्याची पाळी येते, घरातली बाई खड्ड्यात उतरून वाटी-वाटीने हंडा भरते. पाळी संपते आणि पाइप रिकामा होऊ लागतो. तो रिकामा होताना खड्ड्यात साचलेले पाणी आत ओढून घेतो. पुढच्या पाळीला ते कोणाच्या घरी निघेल, हे त्या गल्लीचा उतार ठरवतो.

पावसाळा आला की गॅस्ट्रो येतो, असे आपण म्हणतो; जणू साथ ढगातूनच पडते. पाऊस फक्त खड्डा आणि वॉलची चेंबर भरतो, शेतातली घाण विहिरीकडे नेतो. आपला खडक काळा बेसाल्ट. त्याच्या भेगांतून पाणी धावते, वाळूतून गाळावे तसे गाळले जात नाही. विहिरीच्या वरच्या अंगाला शोषखड्डा असला, तर व्हायचे तेच होते.

उपाय स्वस्त आहे, हे जास्त बोचते. पाण्यात टाकायच्या ताज्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरीत साधारण 33 टक्के क्लोरीन असतो. ग्रामपंचायतीच्या ओल्या कोपऱ्यात पोते तोंड उघडे पडून राहिले की क्लोरीन उडून जातो, उरतो चुना. हिशेबाच्या वहीत मात्र पावडर रोज पडलेली असते. पडलीच, तरी पाण्याशी अर्धा तास मुरायला हवी. वॉलमनला गल्लोगल्ली पाणी सोडायची घाई. त्याला मी दोष देणार नाही. तुटपुंज्या मानधनावर गावाचे आरोग्य आपण त्याच्या खांद्यावर टाकले आहे.

दूषित पाण्यातून होणाऱ्या काविळीचे तर आणखी अवघड. हिपॅटायटिस ईचा विषाणू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे व्हायला दोन ते आठ आठवडे लागतात. पथक गावात येते, नमुना घेते, तोवर गळती बुजलेली असते किंवा ते पाणी केव्हाच वाहून गेलेले असते. अहवाल येतो, ‘पाणी पिण्यास योग्य’. तो खरा असतो आणि निरुपयोगीही. 2012 साली इचलकरंजीत याच काविळीने माणसे गेली. गरोदर बाईला तर ती फार घातक.

याच जिल्ह्यात, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली गावांच्या आरोग्याचे काम सुरू केले. हातपंपांच्या जागा त्यांनी मुद्दाम दलित वस्त्यांत धरल्या. पाणी हवे तर सगळ्या गावाने तिथे यावे. ज्यांनी शाळा पाहिली नव्हती अशा बायका आरोग्यसेविका झाल्या आणि जुलाबाचे, पाण्याचे शास्त्र घराघरांत सांगू लागल्या. पाणी कोणी राखायचे, याचे उत्तर त्या गावांना गावातच मिळाले होते.

जलजीवन मिशनने 2019 पासून घरोघरी नळ पोचवायचे ठरवले, माणशी रोज 55 लिटर. पण नळ मोजणे सोपे, नळ कोरडा असतानाचे तास कोण मोजणार? चार दिवसांआडच्या पाण्याला माझ्या मते शुद्ध पाणीपुरवठा म्हणूच नये, मग टाकीत कितीही पावडर टाका. थोडे का होईना, पाणी रोज आणि दाबाने येऊ लागले, तर लोक खड्डे आपणहून बुजवतील.

तोवर एवढे करा. येत्या ग्रामसभेत टीसीएलच्या पोत्यावरची तारीख वाचायला सांगा. क्लोरीन तपासायच्या ओटी टेस्टची बाटली मागा आणि टाकीखालच्या नळावर नको, गावाच्या अगदी शेवटच्या घरी जाऊन, सगळ्यांसमोर नळाच्या पाण्यात तिच्यातले दोन थेंब टाका. पाणी पिवळे झाले नाही, तर त्यात क्लोरीन नाही.