‘कल’चा पेच

आम्ही उर्दू शिकवणारे ‘कल’ हा एकच शब्द कालसाठीही वापरतो आणि उद्यासाठीही. व्यायामाचा संकल्पही असाच दोन्हीकडे लोंबकळत राहतो. उद्यापासून रोज १०,००० पावले, असे आपण ठरवतो आणि आकड्यालाच भितो. हा आकडा मुळात १९६५ साली जपानात आलेल्या, पावले मोजणाऱ्या उपकरणाच्या नावातला! जागतिक आरोग्य संघटनेची २०२०ची मार्गदर्शिका प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रम सुचवते. शिवाय काहीच न करण्यापेक्षा थोडे केलेलेही बरे, असे सांगते. मग आपल्याला मोठाच संकल्प का हवा असतो? कारण तो मोडण्याची सबब त्यातच असते. थोडे करण्यात कमीपणा वाटतो, काहीच न करण्यात वाटत नाही. आळसाआड लपलेला हा अहंकार आहे. तो सोडला तर आजची दहा मिनिटेही सुरुवातीला पुरेत.