धर्माच्या गाईचे दात

धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत असे आपल्याकडे म्हणतात. फुकट मिळाले ते मुकाट्याने घ्यावे, वर चिकित्सा करू नये, हा त्यातला भाव. व्यवहारात ते शोभतेही. आहेरात आलेल्या लुगड्याचा पोत कोण चारचौघांत पाहतो? पण दान लुगड्याचे नसून मनुष्याच्या पायाचे असेल तर? बाहेरगावचे शल्यवैद्य येतात, चार दिवस शिबिर लावतात, वाकडी हाडे सरळ करतात, एक पैसा घेत नाहीत आणि निघून जातात. पुढे तो पाय बिघडला, तर 'बिघडला' एवढे म्हणण्याचा अधिकार त्या माणसाला आहे की नाही? आज एवढाच प्रश्न घेतो.

आधी या दानाचा मोठेपणा सांगितला पाहिजे, नाहीतर पुढचे बोलणे कृतघ्नपणाचे होईल. कूर्मदासाला हातपाय नव्हते. तो पंढरीपर्यंत पोहोचला नाही तेव्हा देवच लहूळला त्याच्या भेटीला गेला, ही कथा आपण कीर्तनात किती वेळा ऐकतो! रोगी वैद्याकडे जाऊ शकत नाही तर वैद्याने रोग्याकडे जावे, हा विचार आपल्याला परका नाही. १६ जुलै १९९१ रोजी मुंबईहून 'लाइफलाइन एक्स्प्रेस' निघाली ती याच विचाराने. इम्पॅक्ट इंडिया फाउंडेशन आणि भारतीय रेल्वे यांनी मिळून उभे केलेले हे चाकांवरचे इस्पितळ. सुरुवातीला डबे तीनच. पहिला मुक्काम त्या वेळच्या बिहारातील खलारी येथे पडला. गाडी एकेका स्टेशनात काही आठवडे उभी राहायची आणि शहरांतले नामांकित डॉक्टर आपापली कामे सोडून, मोबदला न घेता, तिथे शस्त्रक्रिया करायचे. मोतीबिंदू, फाटलेले ओठ, वाहते कान, आणि पोलिओने आखडलेले हातपाय.

दुसरे नाव तर आपल्या पंढरीचेच. डॉ. शरदकुमार दीक्षित यांचा जन्म १९३० साली पंढरपुरात झाला. पुढे ते अमेरिकेत स्थायिक झाले. ते हाडांचे नव्हेत, प्लास्टिक सर्जरीचे डॉक्टर. १९६८ पासून ते भारतात येऊन फाटलेले ओठ आणि विद्रूप चेहरे विनामूल्य नीट करीत राहिले. मध्ये मोटार अपघाताने अर्धांग लुळे पडले, पुढे घशाच्या कर्करोगाने आवाज गेला, तरी येणे थांबले नाही. २००१ साली पद्मश्री मिळाली, २०११ साली देह ठेवला. स्वतःचे शरीर मोडलेले असताना दुसऱ्याचे नीट करणारा मनुष्य! त्यांच्यापुढे हात जोडल्याशिवाय पुढचे लिहवत नाही.

आता मुद्द्यावर येतो. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाला देश, काल आणि पात्र यांचा विचार लागतो असे सांगितले आहे. आपण पात्राचा विचार करतो, म्हणजे घेणारा गरीब आहे ना एवढे पाहतो. काल राहूनच जातो. ओठ शिवला तर टाके आठवड्याभरात निघतात, जखम लवकर धरते. शिबिराच्या मांडवात ते दान बऱ्यापैकी मावते. हाडाचे तसे नाही हो! हाड जुळायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. हाडात पू झाला तर तो शिबिराचा मांडव उठल्यावर, डॉक्टर आपल्या गावी पोहोचल्यावर दिसतो. प्लास्टर कापायला माणूस लागतो, सांधा चाळवायला माणूस लागतो. म्हणजे जे दान चार दिवसांत दिले असे आपण समजतो ते वस्तुतः वर्षभर द्यायचे असते.

आमच्या वाशीम जिल्ह्यात रिसोड-मालेगावकडे सप्ताहाच्या निमित्ताने पुष्कळ फिरणे होते. एका गावी खुंटीला कॅलिपर टांगलेला पाहिला, चामड्याचे पट्टे उंदरांनी खाल्लेले. विचारले तर त्या माउलीने सांगितले, "महाराज, पोट्टं वाढलं, लोखंड काई वाढलं नाई." शिबिरात पोराचा गुडघा सरळ करून दिला होता, कॅलिपर दिला होता, सगळे फुकट. पण मूल वर्षाला बोटभर वाढते आणि कॅलिपर दर वेळी नवा लागतो, हे देणाऱ्यांच्या हिशेबात नव्हते. गुडघा पुन्हा आखडला. मी म्हटले, कोणाला कळवले का? ती म्हणाली, "फुकटात केलं ना त्याईनं, आता कोन्या तोंडानं सांगाव?" पाहा, ती म्हण कुठवर गेली आहे!

पोलिओ आता नव्याने जवळजवळ होत नाही. भारतातला नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ रोजी सापडला आणि २०१४ साली देश पोलिओमुक्त ठरला. पण जन्मतःच पाऊल आत वळलेली मुले अजून होतातच, हजारात एखादे. त्यांच्यावर पूर्वी मोठमोठ्या शस्त्रक्रिया होत. पाय दिसायला सरळ, पण वय वाढले की ताठर आणि दुखरा. अमेरिकेतील आयोवा येथील डॉ. पोन्सेटी यांनी दुसरीच वाट दाखवली. दर आठवड्याला हलक्या हाताने पाऊल थोडे वळवून प्लास्टर घालायचे, अशी पाच-सहा प्लास्टरे. बहुतेक वेळा टाचेमागची शीर किंचित छेदावी लागते. नंतर दांडीने जोडलेले बूट, पहिले तीन महिने जवळजवळ दिवसरात्र, आणि मग चौथ्या वर्षापर्यंत झोपेत. बूट सोडले की पाऊल फिरून आत वळू लागते. यात सुरीचे काम क्षणाचे, बाकी सगळे त्या आईचे आणि आठवड्याला प्लास्टर घालणाऱ्या जवळच्या माणसाचे. हार मात्र सुरीवाल्याच्या गळ्यात! असो.

यावर कोणी गीतेचाच आधार काढतात. कर्म करावे, फळ ईश्वराच्या हाती. मी पाय सरळ केला, पुढचे देव जाणे. हा अर्थ मला मुळीच मान्य नाही. फळाची आसक्ती सोडायची ती आपल्या फळाची. नाव, फोटो, पुण्य, आभाराची पाटी, हे सोडावे. रोग्याचा पाय हे काही वैद्याचे फळ नव्हे, तो रोग्याचा पाय आहे. त्याची फिकीर टाकली तर ते निष्काम कर्म होत नाही, अर्धवट कर्म होते.

मग दात मोजायचे कोणी? कठोपनिषदाचा आरंभ आठवा. वाजश्रवसाने यज्ञात सर्वस्व द्यायला काढले. दक्षिणेच्या गाई पुढून जाऊ लागल्या, तर त्या म्हाताऱ्या, आटलेल्या, पुन्हा पाणी पिण्याचेही त्राण नसलेल्या. ते कोणाच्या डोळ्यांत सलले? घेणाऱ्या ब्राह्मणांपैकी कोणी बोलला असे तिथे नाही. बोलला नचिकेता, देणाऱ्याचाच मुलगा. त्याच्या मनात श्रद्धा शिरली म्हणून त्याला ते पाहवेना. म्हणजे धर्माच्या गाईचे दात मोजावेत, पण ते देणाऱ्याच्या घरातल्याने. घेणारा मिंधा असतो, त्याच्या तोंडून ते निघत नाही. त्या माउलीच्या तोंडून कुठे निघाले? आणि बाप चिडला हेही खरे. शिबिर भरवणाऱ्यांना 'सहा महिन्यांनी किती जण चालत होते?' असे विचारून पाहा, म्हणजे वाजश्रवस अजून आहे हे कळेल.

हे आपल्याकडेच होते असे नाही. २०१० च्या जानेवारीत हैती देशात भूकंप झाला तेव्हा जगभरातून हाडांचे डॉक्टर धावले. शेकडो जीव वाचले. पण किती जणांचे हातपाय कापावे लागले, दोन हजार की चार हजार, याचे आजही अंदाजच सांगतात. मोजायला कोणी उरलेच नव्हते. याच्या उलट जयपूरचा पाय पाहा. १९६८ च्या सुमारास रामचंद्र शर्मा नावाचा कारागीर आणि डॉ. सेठी यांनी तो घडवला. चिखलात अनवाणी चालता येते, उकिडवे बसता येते, भजनाला मांडी घालता येते. आणि झिजला तर आपल्याच देशातला कारागीर दुसरा करून देतो. घेणारा कसा बसतो-उठतो हे देणाऱ्याने आधी पाहिले होते.

एक आक्षेप मात्र मला टाळता येत नाही. इतके प्रश्न विचारले तर येणारे डॉक्टर यायचे थांबतील, आणि वाकडा पाय वाकडाच राहील. हे भय खोटे नाही. आखडलेल्या गुडघ्याने जमिनीवर सरपटणाऱ्याला, शिबिर शुद्ध होईपर्यंत थांब, असे मी कोणत्या तोंडाने सांगू? म्हणून डॉक्टरांवर मी सगळा भार टाकीत नाही. बोलावणारे आपण असतो. मांडव, बॅनर, पंगत यांचा खर्च आपली मंडळे करतात. त्याच खर्चात गावोगाव फिरणारा एक माणूस वर्षभर ठेवता येतो, जो तिसऱ्या आठवड्याला, सहाव्या आठवड्याला, सहा महिन्यांनी दारात जाऊन पाय पाहील आणि वहीत लिहील. २०२४ साली वाशीमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तिथे शिकलेले पहिले डॉक्टर बाहेर पडायला २०३० उजाडेल. तोवर येत्या हिवाळ्यात ज्या मंडळांनी शिबिर ठरवले आहे, त्यांनी पाहुण्यांची यादी करण्याआधी प्लास्टर कोण कापणार त्याचे नाव लिहून ठेवावे.