ओझं खाली ठेवताना



बोर्निओ बेटावरचं सारावाक. तिथलं वर्षावन. दिवसभर चिखल तुडवलेला, पोटरीवर जळवांनी काढलेलं रक्त. संध्याकाळी इबान लोकांचं लांबलचक घर दिसतं. एका छपराखाली जणू अख्खं गाव. बूट काढायचे. पाठीवरचं ओझं खाली ठेवायचं.

आत लांबच लांब सोपा. ते त्याला 'रुआई' म्हणतात. तो कुणा एकाचा नाही, सगळ्यांचा. चटई अंथरली जाते. ताटली पुढे येते. पोट भरलेलं असलं तर? तिथं नुसतं 'नको' म्हणत नाहीत. बोटांनी अन्नाला हलकेच स्पर्श करतात. पुढ्यात आलेलं अव्हेरलं तर काही विपरीत घडतं, अशी जुनी समजूत.

समजुतीचं राहू द्या. मला तो स्पर्श फार आवडतो. नकारसुद्धा हात पुढे करून देता येतो!

आपण कुणाकडे जातो, तेव्हा आपली घाई, आपली मतं सोबत नेतो. तेही पाठीवरचं ओझंच. सॅकपेक्षा जड. तेही खाली ठेवावं लागतं.

आज कुणीतरी तुमच्यापुढे चहाचा कप धरील. उशीर झालेला असेलच. तरी जरा टेका. पाठीवरचं ओझं खाली ठेवा. चहा अजून गरम आहे.